पेटीची वाट

सातव्या पायरीवर गेथिनचा पाय सुटला. हातातल्या ट्रेवरची ओटची पेज आधी गेली, मग चहा, मग तो. जिना धुराड्याला लगटून दगडी भिंतीच्या पोटातच गोल वळत वर गेलेला, म्हणून तो फार लांब पडला नाही. तीन पायऱ्या घसरला आणि वळणावर, बाटलीत बूच बसावं तसा अडकला. एक गुडघा छातीशी, दुसरा पाय खाली कुठंतरी. डोक्याशी दगड, पाठीशी दगड. पेज मानेवरून सदऱ्यात ओघळत होती आणि ती चांगलीच गरम होती.

वरून काठी आपटल्याचा आवाज आला.

“काय सांडलंस?”

गेथिनला आधी श्वास नव्हता, आणि श्वास आल्यावर बोलावंसं वाटेना. सकाळपासूनची ही त्याची पाचवी खेप होती. भांडं खाली, पाणी वर, राख खाली, कोळसा वर, आणि आता ही पेज. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणीतरी त्याला एका जागी बसवलं होतं, मग ते जिन्यानं का असेना. कपाळावरून काहीतरी कोमट भुवईत उतरलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

काठी पुन्हा आपटली. मग शिवी आली.

“गेथ?”

या हाकेनं इदवालनं त्याला कित्येक वर्षांत बोलावलं नव्हतं. पाठोपाठ पलंग करकरला, आणि पांघरूण लाकडी जमिनीवर ओढल्यासारखा आवाज झाला. गेथिनला कळलं की एक्याऐंशी वर्षांचा, डावं अंग गेलेला आपला भाऊ पलंगावरून उतरायला बघतोय.

“पडून राहा,” तो ओरडला. “मी ठीक आहे. जरा अडकलोय.”

“कशात?”

“घरात,” गेथिन म्हणाला.

पाऊण तासानं नर्सबाई हेलेध आली. आठवड्यातून तीनदा ती खालच्या गावातून आपली छोटी गाडी घेऊन हेन्द्रे-वेनला, या दोघा भावांच्या घराकडं, चढायची. तिनं आधी गेथिनचा बूट सोडवला, मग पाय, मग बाकीचा गेथिन. कपाळावर तीन टाके घातले. खांदा हलवून पाहिला, तेव्हा त्यानं दात आवळले.

“दुसऱ्या हातानं ट्रे धरता येईल,” तो म्हणाला.

“ट्रेचं राहू दे. तुमची मान मोडली असती. मग वर एक आणि जिन्यात एक, अशा दोघांना मी कसं काढलं असतं?”

वरून इदवालचा आवाज आला. जिन्यातून येताना आवाज नेहमी घोगरा व्हायचा, पण आज त्यात आणखी काही होतं.

“हेलेध, ये वर. आणि त्यालाही आण.”

दोघं वर गेली. पलंगाच्या काठावर तिरपा पडलेला इदवाल धापा टाकत होता. हेलेधनं त्याला सरळ केलं. तो छताकडं बघत म्हणाला,

“मला खाली घ्या.”

हेलेधच्या हातातली उशी तशीच राहिली. दोन वर्षं ती हेच सांगत होती. खाली जागा आहे, शेकोटी आहे, नवा पलंग येईल, कूस बदलायचं यंत्र येईल. दर वेळी तो म्हणायचा, या घरात वरून खाली उतरायच्या दोनच वाटा आहेत. एक पायांची, ती माझी बंद झाली. दुसरीनं माणूस एकदाच जातो.

ती दुसरी वाट पलंगापासून चार हातांवर होती. वरच्या खोलीच्या जमिनीत, दोन तुळयांच्या मध्ये, चार फळ्यांना खिळे नव्हते. नुसत्या लाकडी खुंट्या. ज्यानं कुणी हे घर बांधलं त्याला ठाऊक होतं, की त्या जिन्यानं माणूस चालत वर जाईल, पण आडवा खाली येणार नाही. म्हणून शवपेटी उतरवायला त्यानं ती जागा सोडली होती. घरात तिला पेटीची वाट म्हणत. आजोबा तिथून गेले, वडील गेले, आई गेली, बहीण ओल्वेन गेली. एरवी त्यावर गालिच्याचा तुकडा टाकलेला असायचा आणि त्यावर कुणी पाय देत नसे.

“हे बरं झालं,” हेलेध म्हणाली. “शनिवारी करू या. एमरिसला सांगते, त्याच्याकडं साखळीची कप्पी आहे.”

“नको,” गेथिन म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडं बघितलं.

“खाली ओल आहे. दारातून वारा येतो. इथं त्याला सवय झालीय.”

“तुमच्या कपाळाला टाके पडलेत, गेथिन.”

“पडतात,” तो म्हणाला. खाली वाकून त्यानं एका हातानं रिकामं भांडं उचललं आणि जिन्याकडं वळला.

*

हेन्द्रे-वेन डोंगराच्या उतारावर आडवं नाही, तर वर-खाली बांधलेलं होतं. घराचं डोकं डोंगरात खुपसलेलं, पाय खाली नदीकडं. डोक्याच्या बाजूला माणसं, मध्ये आरपार बोळ, आणि बोळाच्या पलीकडं त्याच छपराखाली गोठा, म्हणजे घाण आपोआप खाली वाहून जाई. भिंती हातभर नाही, दोन हात रुंद. पायाशी घातलेले धोंडे एवढे मोठे, की ते आणले कसे यावर गावात अजून वाद होत.

पंधरा वर्षांपूर्वी वारसा खात्याची एक बाई विजेरी घेऊन आली होती. छपराखाली चढून तिनं दोन वाकड्या खांबांवरून हात फिरवला. एकच ओकचं झाड उभं चिरून त्याच्या दोन फाका समोरासमोर टेकवलेल्या, असं तिनं सांगितलं. त्यावरची काजळी धुराड्याच्याही आधीची होती. घरात मजलाच नव्हता आणि मधोमध जमिनीवर जाळ पेटायचा, तेव्हाची. बाईला फार आनंद झाला. भावांना पत्र आलं, की यापुढं विचारल्याशिवाय घरातला दगड हलवायचा नाही. इदवाल आजारी पडल्यावर जिन्याला यंत्राची खुर्ची बसवायची गोष्ट निघाली, ती त्या पत्रापाशीच थांबली.

इदवालला झटका आला तो जानेवारीत, वरच्या खोलीत, झोपेत. चार दिवस रस्ता बर्फानं बंद होता. डॉक्टर ट्रॅक्टरवरून आले आणि म्हणाले, हलवू नका. रस्ता उघडल्यावर इदवालच म्हणाला, हलवू नका. त्याला तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते.

त्या खोलीला एकच खिडकी होती, डोंगराच्या बाजूला, वहीएवढी. दुसरी होती, पण आजोबांनी पश्चिमेच्या वाऱ्याला कंटाळून ती दगडांनी बुजवली होती. वहीएवढ्या खिडकीतून डोंगराचा एक तुकडा दिसे, आणि त्यावर पांढरे ठिपके. ते ठिपके पाहून इदवाल हवा ओळखायचा. मेंढ्या खाली सरकल्या की म्हणायचा, उद्या गारठा आहे. खालची कुरणं, फाटकं, नदी यातलं काही त्या खिडकीतून दिसत नव्हतं.

*

शुक्रवारी एमरिस कप्पी घेऊन आला. तो नदीकाठच्या टी-इसा या घरचा, म्हणून खोऱ्यात त्याला सगळे एमरिस टी-इसा म्हणत. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, गप्प बसता न येणारा. पण अंगणात गाडी थांबवून तो तिच्यातच बसून राहिला. गेथिन जवळ गेला तेव्हा त्यानं काच खाली केली.

“सांगितलंस का त्याला?”

“नाही.”

“उद्या तो खिडकीतून बघणारच.”

“पलंग शेकोटीकडं तोंड करून ठेवीन म्हणतो.”

“आणि मान? तिलाही दोरी बांधणार?”

गेथिननं गाडीच्या टपावर साचलेलं पाणी हातानं खाली लोटलं. पुन्हा साचलं, पुन्हा लोटलं.

“सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे, गेथिन. चर्चमध्ये ठाऊक आहे. त्या नर्सबाईला ठाऊक आहे. दीड वर्ष आम्ही सगळे तोंडाला कुलूप घालून फिरतोय. माझ्या बायकोनं तर त्याला वाढदिवसाचा केक नेऊन दिला तेव्हा मेंढ्या कशा आहेत म्हणून विचारलं. घरी येऊन रडली.”

“तिला म्हणावं, माझ्यामुळं झालं.”

“तुझ्यामुळं नाही तर काय माझ्यामुळं?” एमरिस म्हणाला, पण मऊपणानं. मग उतरून मागची साखळी ओढायला लागला.

झालं होतं ते असं. आदल्याच्या आदल्या नोव्हेंबरात गेथिन डोंगरावर पडला. गुडघा फिरला. मॉट कुत्रा तेव्हाच म्हातारा झाला होता. तो मालकाशेजारी बसून राहिला आणि दोघं दुपारपर्यंत पावसात भिजले. घरी इदवाल सकाळपासून ओल्या बिछान्यात पडून होता. त्या आठवड्यात गेथिननं सगळा कळप एमरिसला देऊन टाकला. वडिलांनी, आजोबांनी, त्यांच्याही आधीच्यांनी राखलेला कळप. या मेंढ्यांना कुंपण लागत नसे. आपला डोंगर कुठं संपतो हे आई पिलाला शिकवी, ते पिलू पुढं आपल्या पिलाला. असा कळप एकदा डोंगरावरून उतरला की पुन्हा तयार होत नाही.

त्या संध्याकाळी सांगायचंच असं ठरवून तो जिना चढला. इदवालनं विचारलं, “कशा आहेत?” तो म्हणाला, “ठीक आहेत.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. एवढंच. पुढं त्यातून परत फिरायला जागाच राहिली नाही.

मग पहाटे उठून बाहेर पडणं आलं. कारण मेंढपाळ पहाटे घरात बसत नाही, आणि इदवालला खालचं दार लागल्याचं ऐकू येई. गेथिन बूट घालून दार लावायचा, बोळ ओलांडून पलीकडच्या रिकाम्या गोठ्यात शिरायचा आणि पालथ्या बादलीवर बसायचा. दोन तास. पाऊस नसला तर निघताना गोठ्यामागच्या झऱ्याच्या पन्हळीखाली उभा राहून कोट भिजवायचा. मग वर जाऊन डोंगराच्या गोष्टी सांगायचा. कुठली लंगडते, कुठली दूध देत नाही, कुणाला जुळी झाली.

त्या दोन तासांत त्याला कुणी हाक मारत नसे. कधी कधी भिंतीला डोकं टेकून तो झोपायचाही.

*

शनिवारी सकाळी हेलेधनं वर जाऊन गालिचा उचलला. एमरिसनं खुंट्या ठोकून काढल्या. फळ्या सुटल्या तेव्हा खालून शेकोटीची ऊब एकदम वर आली आणि इदवालनं नाक वर केलं.

“कोट घालता?” हेलेधनं विचारलं. “रविवारचा काळा कोट काढून ठेवलाय.”

“नको. त्या वाटेनं सगळे कोट घालूनच गेले. कामाची विजार दे.”

लाकडी हाताच्या खुर्चीत त्याला बसवून पट्ट्यांनी बांधलं. वरच्या वाकड्या ओकातून साखळी घेतली. एमरिसनं तिला दोनदा हिसका देऊन पाहिला.

“पाचशे वर्षं छप्पर धरलंय यानं. तू काय, शेळीएवढा राहिलायस.”

“तुझ्या बापानं माझ्या बापाला उतरवताना दोर सोडला होता,” इदवाल म्हणाला.

“अर्धाच सोडला होता.”

“पेटी आपटली होती, एमरिस. सगळी प्रार्थना थांबली.”

“पण तुझा बाप काही बोलला का? नाही ना? तूही बोलू नकोस.”

हेलेध हसत खाली गेली आणि हात वर करून उभी राहिली. साखळी कुरकुरू लागली. खुर्ची जमिनीवरून सुटली, थोडी फिरली. गेथिननं एका हातानं तिचा पाय धरून ती त्या चौकोनात सरळ केली. इदवालचे बूट फळ्यांच्या खाली गेले, मग गुडघे. छातीपर्यंत गेल्यावर त्यानं मान वर केली. गेथिननं आपल्या भावाला असं वरून कधी बघितलं नव्हतं. टाळूवर लहान मुलासारखी मऊ लव राहिली होती.

“धरलंयस ना?”

“धरलंय,” गेथिन म्हणाला. धरलं साखळीनं होतं.

खाली हेलेधनं त्याला नव्या पलंगावर घेतलं. गेथिन जिन्यानं उतरून येईपर्यंत तिनं पलंग फिरवूनही ठेवला होता. “शेकोटीकडं पाठ बरी,” ती म्हणाली, “पाठीला शेक लागेल. आणि इथं उजेड आहे.” उजेड खालच्या मोठ्या खिडकीतून येत होता. गेथिन पलंगाच्या पायथ्याला हात लावून उभा राहिला, पण एका खांद्यानं तो त्याला हलणार नव्हता.

एमरिसनं चहा उभ्यानंच संपवला.

“निघतो. दोन मेंढ्या व्यायला टेकल्यात.”

“तुझ्या दोन,” इदवाल म्हणाला. “आमच्या निम्म्या असतील. बस की.”

एमरिसनं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग हेलेधच्या मागोमाग तोही गेला. गाड्यांचे आवाज उतारावरून खाली विरले.

*

गेथिन कप धुऊ लागला. पाठमोरा असला तरी इदवाल कुठं बघतोय हे त्याला कळत होतं.

“खालच्या कुरणाचं फाटक उघडं आहे,” इदवाल म्हणाला.

“हो.”

“कोकरांच्या दिवसांत.”

गेथिननं कप पुसला. पुसलेला कप पुन्हा पुसला.

“कुठं आहेत, गेथ?”

“एमरिसकडं.”

“चारायला दिल्यास?”

“नाही. त्याच्याच आहेत आता. परवाच्या नोव्हेंबरापासून.”

इदवाल खिडकीतून बघत राहिला. नदीपर्यंत सगळी कुरणं मोकळी होती. वरच्या कोपऱ्यात लव्हाळा माजला होता. एका ठिकाणी कुंपणाचा दगड ढासळला होता, आणि तो कुणी उचलला नव्हता.

“डोंगरावरच आहेत की खाली नेल्या?”

“डोंगरावरच. तशी अट घातली होती. पाळली त्यानं.”

“म्हणजे मला दिसायच्या त्या...”

“त्याच. पण खांद्यावर त्याची लाल खूण आहे. आपली निळी नाही.”

“तेवढं लांबून दिसत नाही,” इदवाल म्हणाला.

“नाही.”

शेकोटीत एक लाकूड खचलं. मॉट उठला, जागा बदलून पुन्हा पडला.

“मागच्या वर्षी फाटक्या कानाचीला तिळी झाली म्हणालास.”

“हो.”

“झाली होती?”

“मला ठाऊक नाही.”

“तिसरं दूध ओढत नाही म्हणालास. मी त्याला शेकोटीजवळ ठेवून बाटलीनं पाजायला सांगितलं. आठवडाभर रोज विचारत होतो. तू म्हणालास, जगलं.”

गेथिननं कप फळीवर ठेवला. फडक्याची घडी घातली.

“जगलं असं सांगावंसं वाटलं.”

इदवालचा उजवा हात पांघरुणावर उघडला आणि मिटला.

“मग पहाटे जायचास कुठं?”

“गोठ्यात.”

“दोन-दोन तास? काय करत?”

“बसायचो, इदवाल.”

इदवालला स्वतःची कूस बदलता येत नव्हती. म्हणून त्यानं फक्त मान भिंतीकडं फिरवली. दुपारी गेथिननं मटण आणि लीकच्या पातीचं कावल, म्हणजे घरचा पातळ रस्सा, गरम करून आणलं. त्यानं ओठ उघडले नाहीत. वाटी पलंगाशेजारी ठेवली, ती तशीच निवली आणि वर चरबीचा पांढरा थर धरला. संध्याकाळी हेलेधनं शिकवल्याप्रमाणे गेथिननं त्याला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. त्याचा दुखरा खांदा त्या ओझ्याखाली कळवळला, तेव्हा इदवालनं आपला चांगला हात पलंगाच्या कठड्याला लावून थोडा भार घेतला. दिवे मालवून गेथिन वर गेला. वरच्या खोलीत फळ्या अजून बसवलेल्या नव्हत्या. चौकोनातून खालच्या निखाऱ्यांचा उजेड छपराच्या वाकड्या लाकडांवर पडला होता. भाऊ जागा आहे हे त्याला श्वासावरून कळत होतं. आपण जागे आहोत हे त्यालाही कळत असणार.

*

साडेपाचला सवयीनं डोळे उघडले. गेथिन जिना उतरला, दारापाशी बसला, एक बूट घातला. दुसरा हातात घेतला आणि तसाच राहिला. बाहेर झुंजूमुंजू होत होतं. आता कुठं जायचं हे त्याला सुचेना. गोठ्यात जायला कारण उरलं नव्हतं आणि घरात बसायची सवय नव्हती.

“फाटक तरी लावून ये,” पलंगावरून आवाज आला. “वारा आपटतोय त्याला. रात्रभर ऐकतोय मी.”

गेथिननं दुसरा बूट चढवला. मॉट उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. बारीक पाऊस होता. उतारावरून खाली जाऊन त्यानं फाटक उचलून धरलं, कारण बिजागरी झिजली होती, आणि कडी लावली. पलीकडं एमरिसच्या रानात कोकरं ओरडत होती. परत येताना दोनदा थांबावं लागलं.

इदवालनं त्याला पाण्यानं निथळत आत येताना बघितलं.

“आज पन्हळ लागली नाही,” तो म्हणाला.

गेथिनचा हात कोटाच्या बटणावर थांबला. पन्हळीचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. इदवाल त्याच्याकडं बघत नव्हता. खिडकीतून फाटकाकडं बघत होता.

“पन्हळीच्या पाण्याचा आवाज बदललेला वर ऐकू यायचा, आणि उन्हाळ्यातसुद्धा ओला यायचास. मला वाटायचं, डोंगरावर पाऊस असेल.” तो थोडा थांबला. “मला वाटून घ्यायचं होतं. बस आता. ती कोळशाची बादली राहू दे, बस.”

धुराड्याच्या पोटात, जाळाच्या बाजूला दगडी बाक होता. लहानपणी दोघं त्यावर बसून छिद्रातून आकाश बघायचे. गेथिन त्यावर टेकला. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडता सोडता त्याची हनुवटी छातीवर आली.

दहा वाजता हेलेध आली. नेहमीसारखी दार ढकलून, “काय मंडळी,” म्हणणार तोच इदवालनं बोट ओठांवर ठेवलं. तिनं दार हळूच लोटलं. बाकावर गेथिन झोपला होता, तोंड उघडं, कपाळावर पट्टी, एका पायात बूट. मॉट त्या बुटावर डोकं टेकून पडला होता. पलंगाशेजारची कावलची वाटी रिकामी होती.

“बरं नाही का त्यांना?” ती कुजबुजली.

“कोकरांचे दिवस आहेत,” इदवाल म्हणाला. “रात्रभर बाहेर होता.”

हेलेधनं खिडकीतून बघितलं. खाली नदीपर्यंत एकही मेंढी नव्हती. फाटक लावलेलं होतं आणि त्यावरून पावसाचे थेंब एकामागून एक गळत होते. तिनं इदवालकडं पाहिलं. त्यानं नजर काढून घेतली नाही.

“किती झाली?” तिनं विचारलं.

“उठला की सांगेल तो.”

हेलेधनं मान हलवली. बॅग खुर्चीवर न ठेवता जमिनीवर ठेवली, आणि हात धुताना पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून नळ अगदी बारीक सोडला.